काट्याच्या लॉगिनला किती हक्क, किती खर्च?

कापसाचा हंगाम लागण्याआधी देवळीतल्या जिनिंगवाल्यांनी एक काम उरकून घ्यावं: काटा, मुनीम आणि मालक यांना डेटाबेसचं वेगवेगळं लॉगिन, ज्याला त्याला कामापुरतेच हक्क. या हक्कांच्या परवान्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती आणि पोस्टग्रेस दोन्ही फुकट आहेत, आणि हक्क देणारी 'ग्रँट' ही कमांड त्यांच्यातच येते.

पैसे लागतात ते माणसाच्या वेळेचे. तो किती लागेल हे एका प्रश्नावर ठरतं: प्रोग्राम डेटाबेसला कोणत्या खात्याने जोडलाय? सगळे आतून 'रूट' या सर्वाधिकारी खात्यानेच जात असतील तर प्रोग्रामच बदलावा लागेल. त्याचा आकडा बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. वेगळी खाती चालत असतील तर काम साधारण अर्ध्या दिवसाचं. वर्ध्याहून माणूस बोलावलात तर जाण्यायेण्यासह रक्कम आधीच ठरवा. समजा ४,००० ठरले, तर १८ टक्के जीएसटी धरून ४,७२० होतात. जीएसटी नोंदणी नसलेल्याला हा कर घेता येत नाही, तेव्हा बिलावर नंबर पाहा.

काट्याचं खातं मात्र बारकाईनं करून घ्या. भरलेली गाडी आधी तोलतात, कापूस उतरला की रिकामी. हे दुसरं वजन भरता यावं म्हणून काट्याला सरसकट 'अपडेट'चा हक्क दिला, की कालच्या काटापट्टीचं वजनही बदलता येतं, आणि मार बसतो शेतकऱ्याला. त्यापेक्षा रिकाम्या गाडीचं टेबल वेगळं ठेवा, पट्टी क्रमांक त्यात एकदाच बसेल असं करा आणि दोन्ही टेबलांवर काट्याला फक्त 'सिलेक्ट' (पाहणं) व 'इन्सर्ट' (नवी नोंद घालणं) द्या. चुकलेलं वजन मुनिमाने दुरुस्त करावं, कारण नोंदवून. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक काट्यावर दिसायचं कारणच नाही.

पैसे देण्याआधी काट्याच्या लॉगिनने चाचणीची एक पट्टी तुमच्यासमोर डिलीट करायला लावा. मायएसक्यूएलने ११४२ नंबरचा एरर दिला, तर डिलीटचा हक्क खरंच बंद आहे. रूटचा पासवर्ड त्याच बैठकीत बदला आणि मालकाकडेच ठेवा.

हंगामात माणसं बदलतात, एवढ्यासाठी वार्षिक देखभालीचा करार करू नका. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून 'रोल'ची, म्हणजे हक्कांचा एकत्र गठ्ठा बांधण्याची, सोय आहे. काट्याचा रोल एकदा बांधला की नवं खातं उघडणं, त्याला रोल देणं आणि जुनं खातं लॉक करणं एवढंच उरतं. या कामांच्या कमांडच्या ओळी कागदावर लिहून घ्या. त्यात रोल 'डिफॉल्ट' करण्याची ओळ आहे का, तेही बघा; ती राहिली तर एरवीच्या सेटिंगवर नव्या माणसाचं लॉगिन होतं, पण त्याला टेबल उघडत नाही.