बीज, माती आणि उंदीर

कलाशाखेच्या वार्षिकात उंदरांवरचा लेख पाहून वाचकांना नवल वाटेल. पण मला या विषयाकडे ओढले ते एका रूपकाने. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २४१ जणांच्या यकृतात रोग पसरला होता, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जाते. मग हा पक्षपात का? पॅजेट यांचे उत्तर शेतकऱ्याला पटेल असे होते : बी चहूकडे उधळते, पण रुजते ते मानवेल त्याच मातीत.

स्तनातली मूळ गाठ बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. जीव घेतो तो हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांत झालेला प्रसार. आणि तो घडत असताना स्त्रीच्या शरीरात पावलोपावली डोकावणे शक्य नसते. म्हणून उंदीर.

१९८० साली हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या अंगात फुप्फुस, अंडाशय व मूत्रपिंड यांचे तुकडे रोपले आणि रक्तात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत नाही. पेशी त्वचेच्या कर्करोगाच्या होत्या खऱ्या, पण पॅजेट यांच्या रूपकाला प्रयोगाचा आधार मिळाला.

स्तनाच्या कर्करोगासाठी ‘४टी१’ नावाच्या पेशी फार वापरल्या जातात. त्या उंदराच्याच गाठीतून वाढवलेल्या. मादीच्या स्तनातील चरबीत त्या सुईने टोचल्या की काही आठवड्यांत आपसूक फुप्फुसांत पोचतात. मग मोजायच्या कशा? येथील युक्ती मला फार आवडली. थायोग्वानीन हे औषध साध्या पेशींना मारते, ४टी१ला मात्र मारत नाही. फुप्फुसाच्या पेशी सुट्या करून या औषधात वाढवल्या, की उरतात त्या केवळ पसरलेल्या कर्कपेशी. एकेका पेशीची वसाहत होते, आणि वसाहती डोळ्यांनी मोजता येतात. निंदणी झालेल्या वाफ्यातली रोपे मोजावीत, तसेच हे!

आपल्याकडेही पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांमधील स्तनकर्करोगाचा अभ्यास केला. त्यांचा रोख विषाणू व संप्रेरके यांच्याकडे, म्हणजे रोग मुळात जडतो कसा याकडे होता.

तरी उंदीर म्हणजे स्त्री नव्हे. स्त्रियांमध्ये हा रोग हाडांत फार जातो, तर उंदरांच्या बऱ्याच प्रयोगांत तो फुप्फुसांतच जातो. त्याहून मोठी अडचण काळाची. स्त्रीच्या शरीरात सुटलेली पेशी दहा-पंधरा वर्षे निपचित राहून मग डोके वर काढू शकते. उंदराचे सारे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. म्हणून काही प्रयोगांत उंदराची मूळ गाठ कापून काढतात, त्याला जगू देतात आणि मागे राहिलेल्या पेशींवर पाळत ठेवतात. गाठ काढून घरी परतलेल्या स्त्रीशी या उंदराचे साम्य त्यातल्या त्यात अधिक.