चिमीचे चित्र

आमच्या घरी चिमी नावाची एक करड्या रंगाची मांजर होती. माझा जन्म झाला त्याच वर्षी ती आमच्याकडे आली. मी तेरा वर्षांचा झालो, तोवर चिमी मात्र म्हातारी झाली होती. दिवसभर ती आजीच्या पायांशी ऊन खात पडून राही. एके दिवशी आजी मला म्हणाली, "बाळ, तुला चित्रं काढता येतात ना? मग चिमीचं एक चित्र काढून ठेव. आता ती फार दिवसांची सोबतीण नाही."

माझ्याजवळ पेस्टलचे खडू होते. चित्रकलेच्या गुरुजींनी ते मला बक्षीस दिले होते. रंगाची बारीक पूड आणि पांढऱ्या खडूची भुकटी यांत थोडासा डिंक कालवून या कांड्या वळतात. त्यांत तेल नसते. वापरताना पाणीही लागत नाही. खरबरीत कागदाच्या बारीक खळग्यांत रंगाची पूड अडकून बसते, एवढेच. म्हणून या रंगांना मखमलीसारखा मऊपणा येतो. फ्रान्समधील चित्रकार झाँ-बाप्तिस्त पेरोनो यांनी अठराव्या शतकात अशाच खडूंनी मांजराच्या पिलाला धरून असलेल्या एका मुलीचे चित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मी मोठ्या हौसेने चित्र काढले. टपोरे डोळे, टोकदार कान, गुबगुबीत गाल! आजीने ते बराच वेळ न्याहाळले. मग ती म्हणाली, "मांजर छान आहे रे, पण आपली चिमी कुठं आहे यात?"

मी खट्टू होऊन गुरुजींकडे गेलो. ते हसून म्हणाले, "चित्र काढताना तू कागदाकडे किती वेळ पाहिलेस, आणि चिमीकडे किती वेळ?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी खडू बाजूला ठेवले आणि नुसता चिमीजवळ बसून राहिलो. उन्हात तिच्या डोळ्यांतील बाहुल्या उभ्या चिरेसारख्या बारीक होत. दिवेलागणीला त्याच वाटोळ्या होत. नाकावरची लव आखूड होती, गळ्याखालची लांब. आणि तिचा डावा कान! तो टोकाशी फाटलेला होता. पिलांवर चालून आलेल्या एका बोक्याशी ती झुंजली होती, त्याची ती खूण. ती रोज डोळ्यांसमोर असूनही मी चित्रात दोन्ही कान अखंड काढले होते!

मग मी राखी रंगाचा खरबरीत कागद घेतला. कोळशाने पुसट आकार काढला. आधी गडद रंग, त्यावर मध्यम आणि अखेरीस फिके, असे थर केसांच्या दिशेने दिले. सुटलेली भुकटी तोंडाने फुंकली नाही. कागद उभा धरून मागून टिचकी मारली, तशी ती झडून गेली. शेवटी पांढऱ्या खडूच्या धारदार कडेने एकेक मिशी ओढली. फाटका कान होता तसाच रेखाटला.

आजीने चित्र हाती घेतले. ती काहीच बोलली नाही. सवयीप्रमाणे तिचे बोट त्या कानामागे खाजवायला गेले.

"आजी, हात नको लावूस! रंग पुसेल!" मी ओरडलो, पण तोवर बोट फिरले होते.

त्या हिवाळ्यात चिमी गेली. वडिलांनी चित्राला चौकट करून आणली. काच रंगाला टेकू नये म्हणून कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी बसवली. कानामागे बोटाचा पुसट डाग अजून दिसतो. चौकटीत घालण्यापूर्वी मला तो सहज दुरुस्त करता आला असता. पण मी तो तसाच राहू दिला.

स्वाध्याय
१. पहिले चित्र पाहून आजी काय म्हणाली? ती असे का म्हणाली असेल?
२. पेस्टलच्या रंगांना मऊपणा कशामुळे येतो?
३. लेखकाने बोटाचा डाग का पुसला नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.