फोटो कुणाला दाखवायचाय?

माझी भाची शाळेत जात नाही. बहीण-मेहुण्यांनी पूर्ण विचार करून घरीच शिकवायचं ठरवलं. दहावी ती एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देणार आहे. तरी प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "मग ही दिवसभर करते काय?" चौदाव्या वर्षी ती माझ्याकडे कॅमेरा शिकू लागली आणि घरच्यांना या प्रश्नाचं उत्तर सापडलं. खंड्याचा एक बरा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला, कौतुक झालं. पुढच्या वेळी तिला खंड्या नको होता, त्याहून 'भारी' काहीतरी हवं होतं.

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांना म्हणूनच आधी हे सांगतो: पोरांचा छंद तुमच्या निर्णयाचा पुरावा म्हणून मिरवू नका. गुणपत्रिका नसते, मग ते काम फोटोंवर येऊन पडतं आणि मूल पक्ष्याच्या अंगावर जायला लागतं.

एप्रिलमध्ये सासवडजवळच्या माळावर आम्ही पोचलो, तर मोठमोठ्या लेन्स घेऊन काही हौशी मंडळी टिटवीच्या घरट्याभोवती आधीच बसलेली. घरटं कसलं, जमिनीतला जरासा खळगा, कडेला खडे आणि आत काळ्या ठिपक्यांची चार मातकट अंडी, निमुळती टोकं मध्याकडे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. एकानं भाचीला अगदी प्रेमानं बोलावलं, "ये बाळा, इथून मस्त मिळतंय." ती निघालीही होती. मी तिला लांबच्या बाभळीखाली नेलं आणि हातात दुर्बीण दिली.

"मामा, ती अंड्यांवर बसत का नाहीये?"

"माणसं आहेत ना तिथे."

उन्हाळ्यात टिटवीला अंडी उबवण्याइतकीच ती थंड ठेवण्याची काळजी असते. ती अंड्यांवर सावली धरते, पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं बसते. भर उन्हात तिला दूर ठेवलं तर आतला जीव भाजून निघतो. मंडळी उठल्यावरही ती लगेच आली नाही. लांब उतरली, चार पावलं पळाली, थबकली, भलतीकडेच चोच मारली, मग एकदम वळून घरट्यावर बसली. भाचीनं हे सगळं पाहिलं, एकही फोटो न काढता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. ते कलम तिला घरी वाचायला दिलं. नागरिकशास्त्राचा इतका चांगला तास मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

सुरुवातीला कॅमेऱ्याच्या बरोबरीनं पाहिलेलं टिपायला वही द्या. होमस्कूलिंगचा मोठा फायदा म्हणजे मंगळवारची सकाळ. रविवारची गर्दी टाळून पुण्यातल्या पाषाण तलावावर त्याच काठाला पुन्हा पुन्हा जाता येतं. किती जवळ जायचं हे पक्ष्याला ठरवू द्या: चरणं सोडून त्यानं मान वर केली की थांबायचं, ओरडायला लागला की मागे फिरायचं. घरट्याचा फोटो नाही, आवाज वाजवून बोलावणं नाही, अळ्या टाकून आमिष नाही. भिगवणला गेलात तर नावेत बसण्याआधीच नावाड्याला सांगा, रोहित पक्ष्यांचा थवा उडवायचा नाही, पैसे ठरलेत तेवढेच देऊ. न सांगता बसलात तर गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून तो नाव थव्यात घालण्याची शक्यता असते. बिचाऱ्याला बहुतेकांनी तेच मागितलेलं असतं.

तांत्रिक बाजू मुलं भराभर उचलतात. बगळा उन्हात पांढराफटक जळतो, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० च्या आसपास. चिखलात पालथं पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं. कपडे धुण्याची तयारी आईनं ठेवावी, किंवा खरं तर मुलानंच. अनोळखी ग्रुपबरोबर मात्र त्याला एकटं पाठवू नका, ग्रुप कितीही नावाजलेला असो. फोटो कुठे टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढायला शिकवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर नोंद करताना नेमकी जागा झाकता येते, घुबडाच्या ढोलीसाठी तरी ती झाकाच.

महागड्या लेन्सचा हट्ट होईलच. जुना डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स वर्षभर आरामात पुरते. पावसाळ्यात दोन्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची भुकटी आत शिरते.