चोरीचा सिनेमा नुसता पाहिला तरी जेल होते का?

प्रश्न : संपादक साहेब, आमचा पोरगा टेलिग्रामवरून नवे सिनेमे उतरवते अन् आम्ही घरचे सगळे टीव्हीला जोडून पाहतो. परवा शेजारचे मास्तर म्हणाले, "नुसतं पाह्यलं तरी तीन वर्षं जेल अन् तीन लाख दंड." हे खरं हाय काय? अन् दुसरं, ज्या ॲपचे आम्ही वर्षभराचे पैसे भरले त्याच्यात मधातच जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर आणखी पैसे भरा म्हणते. मग हा गुन्हा नाही काय?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : मास्तरांनी ही गोष्ट मनानं रचलेली नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये देशभर लोकांच्या स्क्रीनवर नेमका हाच मजकूर झळकत होता. बंद केलेली एखादी वेबसाइट उघडली की पाटी यायची : इथला मजकूर पाहणं, उतरवून घेणं, दाखवणं किंवा त्याची प्रत काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. वर्तमानपत्रांनी ते उचललं, व्हॉट्सॲपनं घरोघरी पोचवलं आणि ते अजून फिरतंच आहे.

पाटीचं मूळ मुंबई उच्च न्यायालयातल्या एका खटल्यात होतं. 'ढिशूम' या हिंदी सिनेमाच्या कंपनीनं प्रदर्शनाआधीच न्यायालयात धाव घेऊन चोरट्या प्रतींचे दुवे बंद करण्याचा आदेश मागितला होता. तिची धास्ती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी 'सैराट' इंटरनेटवर फुटला होता. 'उडता पंजाब'ची जी प्रत प्रदर्शनाआधी बाहेर आली तिच्यावर तर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. म्हणजे ती कोण्या प्रेक्षकाच्या मोबाइलमधून निघालेली नव्हती, आतल्याच वाटेनं फुटली होती. 'ग्रेट ग्रँड मस्ती'च्या निर्मात्यांना तर तारीख आठवडाभर अलीकडे ओढावी लागली. तरीही न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट वेबसाइटी बंद करायला नकार दिला. कोणते दुवे, ते तपासून शपथेवर सांगा म्हणाले. पाटीवरच्या मजकुराबद्दल तर त्यांनी स्वच्छ सांगितलं की गुन्हा पाहण्यात नाही. हक्कदाराचं नुकसान होईल असं वाटप करणं, लोकांसमोर दाखवणं, विनापरवाना विकणं किंवा भाड्यानं देणं, यात गुन्हा आहे. पाटी बदलायला लावली आणि चुकून बंद झालेल्याला तक्रार करता यावी म्हणून तिच्यावर संपर्काचा पत्ताही टाकायला सांगितला.

आणखी एक गंमत. कॉपीराइट कायद्याच्या ज्या कलम 63 चा धाक दाखवला गेला, त्यात शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आहे आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. तीन लाखांचा आकडा त्यात नाहीच.

आता मुलाकडे वळू. त्यानं सिनेमा पाहिला म्हणून पोलीस दारात येणार नाहीत. पण तो पुढे काय करतो ते विचारा. टॉरेंटवरून सिनेमा घेताना, जेवढा भाग आपल्याकडे आला तेवढा त्याच क्षणी इतरांना पाठवलाही जात असतो. ते सॉफ्टवेअर चालतंच तसं. म्हणजे घेणारा नकळत वाटणारा होतो. टेलिग्रामवर स्वतःचा चॅनल काढून त्यावर सिनेमे टाकणं, गावच्या ग्रुपवर फाइल सोडणं, हेही वाटपच. नुसतं उतरवून घरात ठेवण्याबद्दल वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. कायद्यात खासगी वापराला काही सूट आहे, पण फुटलेल्या नव्या सिनेमाला ती लावून घेण्याच्या भरवशावर बसू नये. आणि एक अपवाद लक्षात ठेवा : कॉम्प्युटरचं चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हाच कलम 63-ब खाली गुन्हा आहे, किमान सात दिवस कैदेचा. घरच्या टीव्हीवरच्या सिनेमापेक्षा डीटीपीच्या दुकानातल्या चोरट्या सॉफ्टवेअरला कायदा जास्त थेट धरतो.

आपल्या भागात खरा धंदा कुठे चालायचा हे तुम्हालाही ठाऊक आहे. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानात 'चिप भरून' मिळायची; पन्नास रुपयांत गाणी, सिनेमे, भजनं, सगळं एकत्र. रात्री अकोल्याहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये कालपरवाचा सिनेमा लागतो, आणि मागून येणारी प्रेक्षकांची शिट्टी त्या प्रतीतच ऐकू येते. दुकानदार आणि ट्रॅव्हल्सवाला, दोघेही कलम 63 च्या कक्षेत येतात. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवल्यापासून पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदाही बदलला : टॉकीजमध्ये बसून चित्रीकरण करणाऱ्याला किंवा चोरीची प्रत नफ्यासाठी दाखवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. मास्तरांचे तीन लाख इथे आहेत; फक्त ते कमाल नाहीत, किमान आहेत, आणि तुमच्यासाठी नाहीत.

महाराष्ट्रानं याहून पुढची मजल मारली आहे. 'एमपीडीएअंतर्गत स्थानबद्ध' ही ओळ अमरावती-अकोल्याच्या पेपरात तुम्ही नेहमी वाचता. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अंमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्तींसाठी 1981 चा तो कायदा; त्याच यादीत 2009 मध्ये व्हिडिओ पायरेट घातला गेला, पुढे वाळूतस्करही आला. अमरावती शहरात पोलीस आयुक्त आणि अकोल्यात जिल्हाधिकारी असा आदेश काढू शकतात, आणि खटला न चालवता माणूस बारा महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. चोरट्या डीव्हीडी विकणं वाईटच, पण त्यासाठी खटल्याविना वर्षभर कोठडी हे मला आजही पटत नाही. यापेक्षा अमेरिकेतल्या कंपन्या वेगळ्या टोकाला गेल्या होत्या : त्यांनी सामान्य ग्राहकांनाच कोर्टात खेचलं. मिनेसोटातल्या एका बाईंना 24 गाण्यांसाठी 2009 मध्ये ज्यूरीनं 19 लाख 20 हजार डॉलर भरपाई सुनावली. अपिलात ती 2 लाख 22 हजारांवर आली. तसा प्रकार आपल्याकडे रुजला नाही, हे बरंच झालं.

तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नाही, मधूनच जाहिराती घालणं हा गुन्हा नाही. प्राइम व्हिडिओनं 17 जून 2025 पासून भारतात जाहिराती आणल्या आणि त्या नकोत त्यांना वर्षाला 699 किंवा महिन्याला 129 रुपये जास्तीचे सांगितले. नेटफ्लिक्सनं जुलै 2023 मध्ये घराबाहेर पासवर्ड देणं थांबवलं. 2023 च्या फेब्रुवारीत दरांच्या भांडणात मोठ्या वाहिन्यांनी केबलचं प्रक्षेपणच तोडलं. ग्राहकानं महिन्याचे पैसे भरलेले, टीव्ही मात्र काळा. अशा वेळी अटींच्या कागदाकडे बोट दाखवलं जातं, जिथे 'आम्ही सेवेत बदल करू शकतो' असं वाक्य असतं आणि आपण न वाचता त्याखालचं बटण दाबलेलं असतं. तुमच्या मुलानं कंपनीचा शब्द मोडला तर फौजदारी, कंपनीनं तुमचा मोडला तर तारखा. हा तोल झुकलेला आहे. पण त्यासाठी फुकट उतरवणं हा उपाय नव्हे. त्यानं पैसा जातो तो टेलिग्रामवर जुगाराच्या जाहिराती चालवणाऱ्याकडे.

करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता तिथेच दाखल करण्याची मुभा दिली. कंपनी मुंबईत असो की बंगळुरूत, तुमचं प्रकरण अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. फक्त करारच अन्यायकारक आहे असा दावा करायचा असेल तर तो राज्य आयोगाकडे न्यावा लागतो. त्याचं खंडपीठ नागपुरात बसतं. सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवून ठेवली असेल, तर 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 फसव्या युक्त्यांवर बंदी आहे, त्यात हीही येते. आणि खात्यातून आपोआप पैसे कापायचे असतील तर 24 तास आधी बँकेचा संदेश आला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या संदेशातूनच ती वजावट थांबवता येते.

पैसे भरले तेव्हाची पावती आणि त्या वेळच्या योजनेचा स्क्रीनशॉट शोधून ठेवा. जाहिराती सुरू झाल्याची तारीख वहीत लिहा, आधी कंपनीला ईमेल करा, उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.