संगणक-जालाचा कायदा : तीन प्रश्न

अलीकडे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘सायबर लॉ’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. ह्या विषयासंबंधी दोन समज आमच्या पाहण्यात आले आहेत. कित्येकांस वाटते की, हा विषय यंत्रज्ञांचा. ज्यास संगणकाचे अंतरंग ठाऊक नाही त्याने ह्याच्या वाटेस जाऊ नये. दुसऱ्या कित्येकांस वाटते की, बँकेतील पैसे लुबाडणाऱ्या भामट्यास पकडणे, एवढाच ह्या विषयाचा विस्तार. हे दोन्ही समज अपुरे आहेत. ह्या कायद्याच्या मुळाशी जे प्रश्न आहेत ते मुळीच नवे नाहीत. अपराध कोणी व कोठे केला? तो सिद्ध कशाने करावयाचा? आणि अपराध्यास शासन करणाऱ्या सत्तेस मर्यादा कोणी घालावयाची? न्यायासन जितके जुने, तितकेच हे प्रश्न जुने आहेत. नवे आहे ते इतकेच की, इंटरनेटमुळे ह्यांची उत्तरे देणे पूर्वीपेक्षा फार कठीण झाले आहे. हे तीन प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या तीन गोष्टींच्या आधारे समजावून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मूळ कायद्याची ओळख करून घेऊ. संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापारकायदा आयोगाने १९९६ साली संगणकाद्वारे होणाऱ्या व्यापाराकरिता एक नमुना कायदा तयार केला. त्याच्या आधाराने आपल्या संसदेने ‘माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००’ हा कायदा केला व तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याचा मूळ हेतू शिक्षा देणे हा नसून व्यवहार सुकर करणे हा होता. संगणकावरील लेखास कागदावरील लेखाइतकीच मान्यता असावी, संगणकावर केलेली सही न्यायालयाने ग्राह्य मानावी, अशा तरतुदी त्यात आरंभी आल्या. पुढे २००८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि अपराधांची कलमे वाढली.

आता पहिला प्रश्न घेऊ. त्याचे उदाहरण आमच्या उरण तालुक्यातच आहे. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. आमच्या किती घरांची चूल त्याच्यावर पेटते, हे येथील वाचकांस सांगणे नलगे. पूर्वी मोरा बंदरात माल उतरे तेव्हा त्याची नोंद कारकुनाच्या वहीत होई. आता कोणता कंटेनर कोणत्या जहाजातून आला, यार्डात तो कोठे ठेवला, कोणत्या ट्रेलरवर तो चढवावयाचा, हे सारे संगणक सांगतो. २७ जून २०१७ रोजी जगातील हजारो संगणक एकाएकी बंद पडले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसू लागली. परंतु ती निव्वळ बतावणी होती, कारण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याचा मार्ग ठेवलेला नव्हता. ‘नॉटपेट्या’ ह्या नावाने ओळखला जाणारा हा संगणक-विषाणू युक्रेन देशातील एका हिशेबाच्या प्रणालीतून पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज कंपनीचे जाळे त्याच्या तडाख्यात सापडले. आणि त्याच समूहाकडून चालविले जाणारे न्हावा-शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही त्यामुळे अडले. संगणकावर चालणारे काम हातांनी करण्याची पाळी आली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितल्याप्रमाणे, दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. ज्याने हे केले तो उरणास आला नव्हता. कदाचित् उरण हे नावही त्याने ऐकले नसेल. मग आपला कायदा त्यास लागू होतो काय? अक्षराने पाहता, होतो. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात विषाणू सोडणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, असे आमच्या अधिनियमाचे ४३ वे कलम सांगते. तेच कृत्य लबाडीच्या अथवा फसवणुकीच्या हेतूने केले असता ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि ७५ वे कलम असे सांगते की, कृत्य भारताबाहेर केलेले असो व करणारा कोणत्याही देशाचा असो, त्या कृत्यात भारतातील संगणक गोवला गेला असेल तर हा कायदा लागू होईल. कायद्याचे अक्षर समुद्रापार पोहोचते. पोलिसाचा हात मात्र पोहोचत नाही. ब्रिटन व अमेरिका ह्या देशांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ह्या हल्ल्याचा दोष रशियाच्या लष्करावर ठेविला. रशियाने तो नाकारला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेविले. परंतु आरोप ठेवणे ही एक गोष्ट आणि आरोपी हाती लागणे ही दुसरी. ह्याकरिता देशादेशांत करार लागतात. बुडापेस्ट येथे २००१ साली असा एक करार झाला. भारत त्यात सामील झालेला नाही.

ह्याच प्रकरणातून आणखी एक वाद निघाला, तो मनन करण्यासारखा आहे. मर्क ही अमेरिकेतील औषधांची कंपनीही ह्या विषाणूच्या तडाख्यात सापडली होती. तिने विम्याची रक्कम मागितली तेव्हा विमेवाल्यांनी उत्तर दिले की, हे युद्धसदृश कृत्य आहे, आणि युद्धामुळे झालेली हानी आमच्या करारात बसत नाही. न्यू जर्सी राज्याच्या अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये विमेवाल्यांचे म्हणणे अमान्य केले. पाहा, ‘युद्ध’ ह्या एका जुन्या शब्दाचा अर्थ काय, ह्यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून राहिले. ह्यास्तव आम्ही म्हणतो की, ह्या विषयाच्या अभ्यासकास यंत्राचे ज्ञान जितके हवे, त्याहून भाषेची पारख अधिक हवी.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. ह्याचे उदाहरण जालन्याचे आहे. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचे अर्ज दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर स्वीकारले गेले, अशी त्याच्या प्रतिस्पर्ध्याची तक्रार होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, आणि त्यांतील चित्रण हा महत्त्वाचा पुरावा होता. परंतु न्यायालयापुढे आली ती त्या चित्रणाची नक्कल. संगणकावरील नक्कल अशी की, तीत फेरफार केला तरी डोळ्यांस दिसत नाही. म्हणून कायदा असा दाखला मागतो की, ज्याच्या ताब्यात ते यंत्र होते त्याने नक्कल कशी काढली हे लिहून सही करावी. येथे अधिकारी असा दाखला देईनात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने ठरविले की, नक्कल पुढे करावयाची असेल तर दाखला आवश्यकच आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर मात्र त्याची गरज नाही. परंतु जो पक्षकार दाखल्याकरिता शक्य ते सर्व करून चुकला आहे, त्यास दुसऱ्याच्या हट्टामुळे न्यायास मुकावे लागू नये, हेही न्यायालयाने पाहिले. आणि निवडणूक रद्द करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेविला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३’ आला आहे. त्यातील दाखल्याच्या नमुन्यात संगणकीय नोंदीचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या नोंदीवरून गणिताने काढलेला एक ठसा होय. मूळ नोंदीतील एक अक्षर जरी बदलले, तरी हा ठसा निराळाच येतो. लाखेवरील मोहर तुटलेली दिसली की पाकीट उघडले गेले हे कळत असे, तसाच काहीसा हा उपाय आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे ह्यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचे व्यवहार बंद राहिले. असे सर्व बंद राहणे उचित आहे काय, अशा आशयाचा मजकूर पालघर येथील एका तरुणीने फेसबुकावर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. पोलिसांनी दोघींस अटक केली. पुढे त्यांस जामीन मिळाला व दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. परंतु ज्या कलमाचा येथे उपयोग केला गेला ते तसेच उभे होते. ते होते आमच्याच अधिनियमाचे कलम ‘६६ अ’, जे २००८ च्या दुरुस्तीने घातले गेले होते. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’, ‘अत्यंत अपमानकारक’ असा मजकूर पाठविणे त्याने गुन्हा ठरविले होते. ह्या शब्दांची व्याख्या कोठेच नव्हती. एकास जे त्रासदायक वाटते ते दुसऱ्यास केवळ मतभेदाचे वाटेल. श्रेया सिंघल ह्या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात ह्या कलमास आव्हान दिले; आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मत मांडणे, त्याचा पुरस्कार करणे आणि लोकांस गुन्ह्यास चिथावणी देणे, ह्या तिन्हींत भेद आहे. पहिली दोन नागरिकाचा हक्क होत, कायद्याचा हात तिसरीवर पडावा, असे त्या निकालाचे सार आहे.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. रद्द झालेल्या ह्याच कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात असल्याचे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्तींनी तीव्र आश्चर्य व्यक्त केले. निकाल दिल्लीस लागला तरी तो ठाण्यातील अंमलदारास व गावातील नागरिकास ठाऊक नसेल, तर तो कागदावरच राहतो. कायद्याचा अभ्यास केवळ वकिलांकरिता नाही, ह्याला ह्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

आता घरापुरते पाहू. पालकांस आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो. बँकेच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले तर विलंब न करिता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. पैसे हातोहात पुढे सरकतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. आलेले संदेश लाजेने किंवा रागाने पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. आणि तिसरी गोष्ट मुलांच्या माहितीविषयी. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची खात्रीलायक संमती घ्यावी, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. संमती मागितली जाईल तेव्हा ती न वाचता देणारा पालक असेल, तर कायदा काय करणार? विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच की, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे ही थट्टा नव्हे. ६६ क ह्या कलमान्वये तो अपराध आहे.

ज्यांस हा विषय पुढे शिकावयाचा आहे त्यांस दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा, अथवा कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. दोन्हींस प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुंबईत १८५५ साली स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय आहे, तसेच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. परंतु आरंभ आजच करता येईल. अधिनियमाचे एखादे कलम घ्यावे; ते कोणास लागू, कोणत्या कृत्यास लागू, कोणत्या हेतूने केले असता लागू, हे वेगवेगळे लिहून काढावे; आणि मग वर्तमानपत्रातील एखादी घटना घेऊन वरील तीन प्रश्न तीस लावून पाहावे. आमच्या बंदरावर उद्या पुन्हा संकट आले, किंवा आमच्या एखाद्या मुलीस दोन ओळी लिहिल्याबद्दल ठाण्यावर बोलाविले गेले, तर तिच्या बाजूस उभे राहून कलम वाचून दाखविणारा कोणी ह्याच गावचा असावा, अशी आमची मनीषा आहे.