हेमंतांतील जठराग्नि

मार्गशीर्ष-पौष हा हेमंत. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येंत सांगितलें आहे कीं, बाहेरच्या थंडीनें कोंडलेला जठराग्नि या दिवसांत प्रबळ होतो. इंधन कमी पडलें, तर तो देहांतील धातूच पचवूं लागतो. आणि आम्ही वारकरी काय करतों? उपासावर उपास, वर पहाटे काकड्यापूर्वीं गार पाण्याचें स्नान! मीहि तेंच करीत असें. एका पौषांत कीर्तनाला उभा राहिलों, तों गळाच बसलेला. टाळकऱ्यांनीं अभंग ओढून नेला. तेव्हांपासून अंगाला कोमट तिळेल, मग ऊन पाणी. जेवणांत बाजरीची भाकरी, तीळ, लोणी. एकादशी सोडा असें म्हणत नाहीं. द्वादशीचें पारणें मात्र पोटभर करा. ताप आला, धाप लागली, तर काढ्यावर बसूं नका, डॉक्टर गांठा. तेलानें माळ तेलकट होते म्हणतां? ती धुतां येते कीं!