विजेवरील स्कूटरच्या बॅटरीचे भारण व निगा

धानाच्या बांधीवर जाण्यास, दूध पोचविण्यास किंवा आठवडी बाजार गाठण्यास विजेवर चालणारी स्कूटर आता शेतकरी कुटुंबांतही दिसू लागली आहे. जवाहरनगर, ठाणा, शहापूर या पट्ट्यात शेती सांभाळून नोकरीवर जाणाऱ्यांनाही हे वाहन सोयीचे वाटते. ज्या वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत व मोटार २५० वॅटच्या आत असते, त्यास नोंदणी व परवाना लागत नाही, हेही त्याचे एक आकर्षण होय. परंतु स्कूटरच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो. ती अकाली निकामी झाली तर पेट्रोलवर वाचविलेला पैसा एका खरेदीत निघून जातो. म्हणून तिच्या भारणाची, म्हणजेच चार्जिंगची, शास्त्रीय माहिती प्रत्येकाने करून घ्यावी.

प्रथम आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे ते लेबल वाचून निश्चित करावे. एका जातीस हितकर असलेला उपाय दुसरीस घातक ठरतो. 'बॅटरी पूर्ण रिकामी करूनच भरावी' हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम घटांसंबंधीचा आहे. शिशाच्या बॅटरीस तो लावला तर ती लवकर मरते.

स्वस्त व मंदगती स्कूटरमध्ये बहुधा शिसे-गंधकाम्लाच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागून एक जोडून ४८ व्होल्ट मिळवितात. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या गंधकी क्षाराचे कठीण स्फटिक बसतात आणि ते पुढे भारणानेही सुटत नाहीत. यास्तव थोडी चालविली तरी त्याच रात्री ती भरून ठेवावी. २८ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरच्या चार्जरने भरण्यास हिशेबाने सात तास लागतात. शेवटी प्रवाह कमी होत जातो, म्हणून आठ-नऊ तास धरावेत. रोवणीच्या दिवसांत स्कूटर पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर ती पूर्ण भरून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. चारांपैकी एक बॅटरी दुबळी झाली की ती बाकीच्या तिघींनाही ओढते. जुन्या संचात एकच नवी बॅटरी घालणे ही काटकसर नव्हे. ज्या बॅटरीस झाकणे आहेत तिच्यात भारण झाल्यावर फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे पाणी किंवा आम्ल कधीही घालू नये. बंद बॅटरी उघडण्याचा प्रयत्नच करू नये.

निकेल-जस्ताची बॅटरी आपल्या बाजारात क्वचितच आढळते, तथापि तिचा इतिहास जुना आहे. अशा बॅटरीचे अमेरिकन पेटंट एडिसन यांस १९०१ मध्ये मिळाले. आयर्लंडमध्ये डब्लिन ते ब्रे या मार्गावर १९३२ ते १९४९ पर्यंत डॉ. ड्रम यांच्या निकेल-जस्त बॅटऱ्यांवर आगगाड्या धावत होत्या. तिच्यात आम्लाऐवजी दाहक पोटॅशचे द्रावण असते. प्रत्येक घट सुमारे १.६ व्होल्ट देतो, म्हणजे ४८ व्होल्टसाठी तीस घट लागतात. वजनाच्या मानाने ती शिशापेक्षा पुष्कळ अधिक वीज साठविते. तिची खरी दुखरी बाजू जस्ताची आहे. वापरात जस्त द्रावणात विरघळते व भरताना पुन्हा पट्टीवर बसते, पण पहिल्या जागी सारखे बसत नाही. कोठे थर जाड होतो, तर कोठे सुईसारखे काटे वाढतात. काटा मधल्या पडद्यातून पलीकडे गेला की तो घट संपला. अतिभारणाने हे काटे वाढतात व पाणीही वायुरूपाने उडून जाते.

म्हणून ह्या बॅटरीचे भारण दर घटास १.९ व्होल्टवर थांबवावयाचे असते, म्हणजे तीस घटांस ५७ व्होल्ट. शिशाच्या संचाचा चार्जर मात्र ५८.८ व्होल्टपर्यंत जातो व नंतरही ५५ व्होल्टच्या आसपास सतत थोडा प्रवाह सोडीत राहतो. शिशास तो मानवतो. जस्तास तो रोजचे विष होय. निकेल-जस्ताची बॅटरी भरली की चार्जर काढून ठेवावा. उलट, ती काही दिवस रिकामी राहिली तर शिशाइतकी बिघडत नाही. चार्जरची पिन बसते, एवढ्यावरून तो चालेल असे समजणे हीच बहुतेक नुकसानीची सुरुवात असते.

लिथियम बॅटरी हलकी व टिकाऊ आहे, पण तिची चूक महागात पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात भारणास लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. त्याच वर्षीच्या आगींनंतर केंद्र शासनाने बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. ही बॅटरी निजण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी भारणास लावू नये. दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास साधारण अर्धी भरलेली ठेवावी. फुगलेली, पाण्यात बुडालेली वा आपटलेली लिथियम बॅटरी पुन्हा भरू नये.

कोणतीही जात असो, तणसाच्या ढिगाजवळ किंवा कडबा भरलेल्या कोठ्यात भारण करू नये. शिशाच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत तो शेकडा चार झाला की ठिणगीने पेटतो. मोकळी, सावलीची ओसरी उत्तम. नवतप्यात उन्हातून आलेली स्कूटर तासभर थंड होऊ द्यावी व पहाटेच्या गारव्यात भरावी, कारण उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. शिशाच्या बाबतीत २५ अंशांवर दर १० अंशांस ते सुमारे निम्मे होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. प्लगास अर्थिंग असावे. बारीक तारेची लांब जोडवायर वापरू नये.

अंगावर द्रावण उडाल्यास, ते आम्ल असो वा पोटॅश, भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकता येतो. पोटॅशवर त्याचा उपयोग नाही. निकामी बॅटरी शिसे काढण्यासाठी घरी फोडू नये, कारण ते शिसे विहिरीत व गुरांच्या चाऱ्यात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा करावी व पावती घ्यावी.